नामाच्या शेवटचा ‘एस’

मी २२ वर्षांचा असतानाची गोष्ट. पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. आधी काय काम केलंय असं विचारलं, तेव्हा मी घोकून आलेल्या इंग्रजीत सांगायला लागलो: आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब बघायचो, तिथे ‘फर्निचर्स’ विकायचे. समोरच्या तिघांपैकी एकाने मान वर केली. ‘फर्निचर्स?’ शेवटचा ‘स’ त्याने जरा लांबवला. शेजारच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

नोकरी मिळाली नाही. त्या एका ‘एस’मुळेच मिळाली नाही, असं मी म्हणणार नाही, इतरही कारणं असतील. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तो ‘एस’च वाजत होता. एक चेअर, चार चेअर्स. एक टेबल, दोन टेबल्स. मग खुर्च्या-टेबलं एकत्र मांडली, की ‘एस’ जातो कुठे?

शाळेत आम्ही नाऊनची व्याख्या प्रार्थनेसारखी म्हणायचो. व्यक्तीचं, ठिकाणाचं किंवा वस्तूचं नाव म्हणजे नाऊन. पाठ होती, समजली नव्हती. समजली नसल्याची लाज मात्र पुरेपूर होती. पुढे बऱ्याच वर्षांनी, जमेल तसं वाचत, मी त्या ‘एस’चा माग काढत गेलो. तो मला हजार वर्षं मागे घेऊन गेला, आणि वाटेत एक गंमत कळली. इंग्रजी नामाचे आज आपल्याला दगडासारखे वाटणारे बरेच नियम एके काळी कुणाच्या तरी चुका होत्या.

‘नाम’ आणि ‘नामा’

इसवी सन १०००च्या आसपास दक्षिण इंग्लंडमधल्या एका मठात एल्फ्रिक नावाचा भिक्षू मुलांना लॅटिन शिकवत होता. मुलांची भाषा इंग्रजी, पण विद्या सगळी लॅटिनमध्ये. पुस्तकंही लॅटिनमध्ये लिहिलेली. म्हणजे लॅटिन शिकायला आधी लॅटिन यायला हवं! एल्फ्रिकने लॅटिनचं व्याकरण मुलांच्या बोलीत लिहून काढलं. युरोपात लोकभाषेत लिहिलेलं लॅटिनचं हे पहिलं व्याकरण मानतात.

आता त्याच्यापुढे प्रश्न आला तो परिभाषेचा. लॅटिनमध्ये नामाला ‘नोमेन’ म्हणतात. इंग्रजीत काय म्हणायचं? एल्फ्रिकने साधा घरगुती शब्द उचलला: ‘नामा’. नाव या अर्थाचा.

हे वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. इंग्रजीतला ‘नामा’, लॅटिनमधला ‘नोमेन’, ग्रीकमधला ‘ओनोमा’ आणि आपल्या संस्कृतातला ‘नामन्’ हे सगळे एकाच कुळातले शब्द आहेत. इसवी सनाच्या कित्येक शतकं आधी यास्काने निरुक्तात शब्दांचे चार वर्ग सांगितले, त्यातला पहिला ‘नाम’. मराठीच्या तासाला आपण जो शब्द लिहितो, त्याचाच सख्खा भाऊ हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातली मुलं लिहीत होती. पुढे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर ‘नोमेन’चंच झिजलेलं रूप इंग्रजीत आलं आणि आजचा ‘नाऊन’ झाला.

हात ‘ती’, पाय ‘तो’, डोळा ‘ते’

एल्फ्रिकच्या काळचं इंग्रजी आजच्या इंग्रजांना कळत नाही. आपल्याला मात्र त्यातली नामं ओळखीची वाटतील.

त्या इंग्रजीत तीन लिंगं होती. हात स्त्रीलिंगी, पाय पुल्लिंगी, डोळा नपुंसकलिंगी. सूर्य ‘ती’, चंद्र ‘तो’. आजच्या ‘वाइफ’ या शब्दाचं मूळ ‘वीफ’. अर्थ स्त्री, आणि लिंग नपुंसक! यामागे तर्क काय, असं विचारू नका. मराठीत मान ‘ती’, हात ‘तो’ आणि नाक ‘ते’ का, हे तरी कुठे सांगता येतं?

विभक्त्याही होत्या. दगडाला ‘स्टान’ म्हणायचे. दगडाचा म्हणजे ‘स्टानेस’. दगडाला म्हणजे ‘स्टाने’. अनेक दगड म्हणजे ‘स्टानस’. दगडांचा ‘स्टाना’, दगडांना ‘स्टानुम’. घोडा, घोड्याला, घोडे, घोड्यांना असं ज्याच्या जिभेवर आहे, त्याला हे शिकवायला नको.

अनेकवचनाचाही एकच रस्ता नव्हता. काही नामांना ‘अस’ लागायचा, काहींना ‘अन’, काहींना ‘उ’, काहींना काहीच नाही. काही नामं आतला स्वरच बदलायची. ‘फूट’चं ‘फीट’, ‘गूस’चं ‘गीस’ आणि ‘माऊस’चं ‘माइस’ ही त्याचीच उरलेली मंडळी. फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी इकारासारखा आवाज होता. तो उच्चारायच्या तयारीत जीभ आधीच्या स्वरालाही पुढे ओढायची. नंतर शेवटचा आवाज गळून गेला, ओढलेला स्वर राहिला. पाहुणा निघून गेला, पण घरातली मांडणी बदलून गेला.

मग एवढा सगळा पसारा गेला कुठे?

अभ्यासकांमध्ये याबद्दल मतभेद आहेत, पण दोन गोष्टी बहुतेक जण सांगतात. एक म्हणजे, इंग्रजीत बोलताना जोर शब्दाच्या सुरुवातीला पडायचा, त्यामुळे शेवटचे प्रत्यय पुटपुटल्यासारखे होत गेले. दुसरं म्हणजे, आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक आधी लुटायला आणि मग राहायला आले. त्यांची भाषा आणि इंग्रजी चुलत बहिणी. शब्दांची मुळं सारखी, शेपट्या वेगळ्या. बाजारात बैल विकायचा आहे, शेताची हद्द ठरवायची आहे, शेजाऱ्याशी सोयरीक करायची आहे; अशा वेळी शेपट्यांवाचून अडत नव्हतं. प्रत्यय सगळ्यात आधी झिजले ते उत्तरेतच.

म्हणजे इंग्रजी नाम सोपं झालं त्याला कुणा पंडिताची सुधारणा कारणीभूत नव्हती. एकमेकांची भाषा नीट न येणाऱ्या शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलायचं होतं, म्हणून ते सोपं झालं. त्या काळी त्यांची मुलाखत घेणारं कुणी नव्हतं, हे त्यांचं नशीब.

अंड्यांवरून भांडण

या झिजण्यातून अनेकवचनाचे दोन प्रत्यय टिकले: ‘एस’ आणि ‘एन’. दोघांमध्ये काही शतकं रस्सीखेच चालली. उत्तरेत ‘एस’ लवकर जिंकला. दक्षिणेत ‘एन’ बराच काळ तग धरून होता. डोळे म्हणजे ‘आयेन’, जोडे म्हणजे ‘शून’.

विल्यम कॅक्स्टन हा इंग्लंडमधला पहिला मुद्रक. १४७६ साली त्याने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना घातला. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा दिला आहे. काही व्यापारी जहाजाने थेम्स नदीतून निघाले होते, त्यांना समुद्रापलीकडे झीलंडला जायचं होतं. वारा पडला आणि जहाज अडकलं. मंडळी खायला मिळेल का बघायला किनाऱ्यावर उतरली. त्यातल्या शेफील्ड नावाच्या व्यापाऱ्याने एका घरी जाऊन अंडी मागितली. ‘एगेस’ आहेत का?

घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही.

व्यापारी भडकला. कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! तो आपल्या समजुतीप्रमाणे चांगलं इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसरा कुणी मध्ये पडला आणि म्हणाला, याला ‘आयरेन’ हवीत. तेव्हा बाई म्हणाली, आता कळलं.

‘एग’ हा स्कँडिनेव्हियातून आलेला शब्द, त्याला ‘एस’चं अनेकवचन. ‘आयरेन’ हा जुना इंग्रजी शब्द, त्याला ‘एन’चं. आणि गंमत म्हणजे ‘आयरेन’मध्ये अनेकवचन दोनदा आहे. मुळात ‘आय’ म्हणजे अंडं. त्याचं जुनं अनेकवचन ‘र’ घेऊन व्हायचं. लोक ते विसरले आणि त्यावर आणखी ‘एन’ चढवला. ‘चाइल्ड’चंही तसंच झालं. आधी ‘र’, मग ‘एन’, आणि झालं ‘चिल्ड्रेन’. आज कुणी ‘चिल्ड्रेन्स’ म्हटलं, की वर्ग हसतो. पण ‘चिल्ड्रेन’ हाच मुळात एकदा झालेल्या अनेकवचनाचं पुन्हा केलेलं अनेकवचन आहे.

कॅक्स्टनची अडचण खरी होती. बाईला ‘एगेस’ कळत नाही, व्यापाऱ्याला ‘आयरेन’ परका. मग छापायचं काय? शेवटी ‘एग्ज’ जिंकला. घरच्या अंड्याचं नाव गेलं, पाहुण्याचं राहिलं.

वाटाणा: एका गैरसमजाचं फळ

तांदळाच्या डब्यात हात घाला आणि मराठी ऐका. ‘तांदूळ संपले’, पण ‘भात संपला’. ‘पोहे झाले’, पण ‘साखर संपली’. तांदूळ आपण अनेकवचनी धरतो, जरी एकेक दाणा मोजत नसलो तरी. तोच शिजवला की एकवचनी. इंग्रजीत दोन्हीसाठी ‘राइस’, आणि तो मोजता न येणारा. म्हणजे मोजता येणं किंवा न येणं हे वस्तूत नसतं. ती वस्तू बघायची प्रत्येक भाषेची सवय असते.

सवयी बदलतातही. इंग्रजीत वाटाण्याला पूर्वी ‘पीझ’ म्हणायचे. मूळ लॅटिन ‘पिसुम’वरून आलेला हा शब्द. एक दाणाही ‘पीझ’ आणि ढीगही ‘पीझ’. शेवटचा ‘झ’ शब्दाचाच भाग. पण तोवर लोकांच्या कानाला अनेकवचनाच्या ‘एस’ची इतकी सवय झाली होती, की त्यांना वाटलं, ‘पीझ’ म्हणजे अनेक वाटाणे. मग एक वाटाणा? अर्थातच ‘पी’! सतराव्या शतकात हा ‘पी’ रुळला. चेरीचंही तेच. नॉर्मन फ्रेंचमधला ‘चेरीझ’ एकवचनी होता. इंग्रजांनी त्याचा शेवट अनेकवचनाचा समजून तोडून टाकला.

मी एक ‘एस’ जास्तीचा लावला, तर मान वर झाली. त्यांनी शब्दाचं स्वतःचं अक्षर कापलं, तर तो शब्दकोशात गेला.

मग नियम आले

नाम असं बाजारात, बंदरात आणि स्वयंपाकघरात घडत असताना शाळेत मात्र लॅटिनच चालू होतं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांमध्ये विल्यम लिलीच्या नावाने ओळखलं जाणारं लॅटिनचं व्याकरण राजाज्ञेने लागू झालं. त्यात नामाचे दोन प्रकार होते. स्वतःच्या पायावर उभं राहणारं नाम, आणि दुसऱ्याच्या आधाराने उभं राहणारं नाम. हा दुसरा प्रकार म्हणजे आपण ज्याला विशेषण म्हणतो तो. लॅटिनमध्ये दोघांनाही सारखेच विभक्तिप्रत्यय लागतात, म्हणून दोघांना एकाच खणात ठेवलेलं.

१५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचं इंग्रजीत लिहिलेलं पहिलं व्याकरण छापलं. आमच्या भाषेलाही नियम आहेत, ती काही रानटी नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याने काय केलं? लॅटिनचा साचा घेतला आणि इंग्रजीला त्यात बसवलं. ज्या विभक्त्या इंग्रजीने कधीच टाकून दिल्या होत्या, त्यांच्या नावाचे रकाने पुन्हा मांडले. मला त्याची चेष्टा करवत नाही. आपल्या भाषेची लाज वाटू लागली, की माणूस आधी दुसऱ्याचे कपडे घालून बघतो.

१६५३ साली जॉन वॉलिसने हे बोलून दाखवलं. वॉलिस गणिती, अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात त्यानेच आणलं. इंग्रजी नामाला लॅटिनसारखी लिंगं आणि विभक्त्या नाहीत, ती त्याच्यावर लादू नका, असं त्याचं म्हणणं. फक्त, हे सगळं त्याने लिहिलं लॅटिनमध्ये!

अठराव्या शतकात हवा बदलली. व्यापारातून पैसा आलेला नवा वर्ग होता, त्याला वरच्यांसारखं बोलायचं होतं. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं १७६२ सालचं व्याकरण आणि लिंडली मरेचं १७९५ सालचं, ही दोन पुस्तकं या वर्गाच्या हातात पडली. लाउथने विशेषणाला नामातून वेगळं काढलं. नाम म्हणजे अस्तित्वात असलेल्या किंवा ज्याची आपल्याला कल्पना करता येते अशा कशाचंही नाव, असं त्याने सांगितलं. मरे हा अमेरिकेतून इंग्लंडात येऊन राहिलेला वकील. यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने आपलं पुस्तक लिहिलं. त्याच्या पुढे लाखो प्रती खपल्या. चुकीची वाक्यं द्यायची आणि ती सुधारायला लावायची, ही पद्धत या पुस्तकांनी घरोघरी नेली. भाषा ही चुकायची जागा झाली ती इथे.

ते पुस्तक आपल्याकडे येतं

१८०५ साली विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. लिहिलेलं इंग्रजीत, मदत पंडित वैजनाथ शर्मांची. पुढे १८३६ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं. दादोबांचा जन्म १८१४चा. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा ते २२ वर्षांच्या आसपासचे होते. मी मुलाखतीत घाम पुसत होतो त्या वयाचे.

दादोबांच्या पुस्तकाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम ही आपल्या शाळेतली विभागणी इंग्रजी पुस्तकांतल्या विभागणीशी जोडीने चालते ती त्यामुळे. मराठीच्या पाठ्यपुस्तकात नामाच्या व्याख्येत ‘कल्पनेतल्या’ वस्तूही येतात, त्या वाचताना मला लाउथ आठवतो. लिलीने लॅटिनचा साचा दिला, बुलोकरने तो इंग्रजीला घातला, आणि शतकांनंतर त्यातला काही भाग आपल्याकडे आला.

पण दादोबा बुलोकर नव्हते. त्यांच्यापुढे संस्कृत व्याकरणाचीही परंपरा होती, आणि मराठीत विभक्ती व लिंगं अजून जिवंत होती. रिकामे रकाने मांडायची वेळ त्यांच्यावर आली नाही. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना आधीच्यांची मतं एकेक करून तपासली, वाद घातले. साचा आला तो आपण नुसता घातला नाही, कापून-जोडून घेतला.

फर्निचरचा हिशेब

आता माझ्या ‘एस’कडे येतो.

‘फर्निचर’ फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ पुरवठा, सज्ज करणं. घोड्याच्या खोगीर-लगामालाही इंग्रजीत फर्निचर म्हणायचे. म्हणजे या शब्दात मुळात खुर्ची नाहीच, आहे ती ‘सगळी तयारी’. आपल्याकडे ‘सामान’ आहे ना, तसा. आपण पाच सामानं म्हणत नाही. सामानाचे पाच नग म्हणतो. इंग्रजीतही फर्निचरचे ‘पीस’ मोजतात. शाळेत हे एवढंच सांगितलं असतं, तर पुरलं असतं.

आणि ‘इन्फर्मेशन’? त्यालाही ‘एस’ लावला की लोक हसतात. चॉसर हा इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष समजला जातो. त्याचा मृत्यू १४००चा. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये मेलिबीची गोष्ट आहे. त्यात बायकोने दिलेल्या शहाणपणाच्या शिकवणीला चॉसर ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचनच वापरतो, ‘एस’ लावून. फ्रेंचमध्ये तो ‘एस’ आजही चालतो.

याचा अर्थ उद्याच्या मुलाखतीत बिनधास्त ‘फर्निचर्स’ म्हणा, असा नाही. भाषा हा लोकांनी आपसात केलेला करार आहे, आणि आजच्या करारात तो ‘एस’ नाही. करार पाळावा. पण करार न पाळणं ही चूक आहे, अक्कल नसणं नाही. त्या खोलीत माझी मान खाली गेली ती चुकीमुळे नाही. चूक म्हणजे आपली लायकी, असं मी मान्य करून बसलो होतो म्हणून.

शेवटी, मुंगूस

सतराव्या शतकाच्या अखेरीस एक मराठी नाम इंग्रजीत शिरलं: मुंगूस. इंग्रजांनी ते ‘मॉन्गूस’ असं लिहिलं. झालं, घोटाळा! शब्दाच्या शेवटी ‘गूस’. आणि ‘गूस’चं अनेकवचन तर ‘गीस’. मग दोन मुंगसं म्हणजे ‘मॉन्गीस’?

उत्तर आहे ‘मॉन्गूसेस’. कारण या मुंगसाचा त्या बदकाच्या भावकीशी काही संबंध नाही. तो इथल्या बांधावरून गेला आहे. पण चुकणारे चुकतात, आणि काही शब्दकोशांनी ‘मॉन्गीस’लाही कोपऱ्यात जागा करून दिली आहे.

मला हे फार आवडतं. आमच्या रानातला एक प्राणी इंग्रजीत जाऊन बसला, आणि त्याच्या शेवटी काय लावायचं यावर इंग्रजी बोलणारे अजून अडखळतात. पुन्हा कधी इंग्रजीत बोलताना नामाच्या शेवटी माझी जीभ अडखळली, की मी मुंगसाची आठवण काढतो. मग सावकाश पुढचं वाक्य बोलतो.